गॅरेजमधलं गोल्फ: लाँच मॉनिटर कसा बसवायचा आणि आकडे चक्रम आले तर काय तपासायचं

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्या गोल्फवेड्या माणसाचे नोव्हेंबर ते मार्च हाल असतात. कोर्सवर बर्फ, रेंज (सरावाचं मैदान) बंद, आणि हात तर शिवशिवताहेत. मग कोणीतरी सांगतं, "अरे, गॅरेजमध्ये जाळी बांध, एक लाँच मॉनिटर घे, झालं!" लाँच मॉनिटर म्हणजे मारलेला बॉल सुटताना मोजून तो कुठे गेला असता ते सांगणारं मशीन. झालं वगैरे काही होत नाही. खोकं उघडल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. सरळ मारलेला बॉल पडद्यावर डावीकडे का वळतो? सातचं आयर्न (मधल्या अंतराची काठी, म्हणजे क्लब) अचानक २०० यार्ड कसं गेलं? दहातले तीन शॉट मशीनला दिसतच कसे नाहीत?

मी हे सगळं स्वतःच्या गॅरेजमध्ये निस्तरलंय आणि नंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या गॅरेजांतही गुडघे टेकून निस्तरलंय. "मशीन बिघडलंय, जरा बघून जा" असं म्हणून बोलावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचं मशीन खरोखर बिघडलेलं निघालं. लाँच मॉनिटर मोजतो थोडं आणि हिशोबाने काढतो बरंच. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला काढलेला, एवढं डोक्यात बसलं की तक्रार ऐकूनच कुठे हात घालायचा ते कळतं. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

१. आधी खोली मोजा, मशीन नंतर

जाहिरात बघून मशीन घ्यायचं आणि मग ते बसेल अशी जागा शोधायची, हा उलटा कारभार. टेप घ्या आणि गॅरेजमध्ये जा.

उंची सगळ्यात महत्त्वाची. ९ फूट म्हणजे कामचलाऊ, १० फूट असेल तर निवांत. ८ फुटी बेसमेंटमध्ये बहुतेक प्रौढ माणसांना ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) पूर्ण फिरवता येत नाही. तिथे वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) आणि छोट्या आयर्नवर समाधान मानायचं. छताची उंची मोजताना बीम, एसीचा डक्ट, गॅरेजच्या दाराची रूळपट्टी आणि दार उघडणारी मोटर विसरू नका. क्लब आपटतो तो नेमका तिथेच. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या हातात ड्रायव्हर द्या, मॅटवर उभं करा (मॅट दीडेक इंच उंची खाते) आणि अगदी हळू स्विंग करायला सांगा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं: क्लब वर जाताना किती जागा उरते आणि शॉट संपवून मागे जाताना किती. दुसरं बघायला लोक हमखास विसरतात. क्लब छताला लागत नसला तरी दोन-चार इंचच उरत असतील तर शरीराला ते कळतं आणि माणूस नकळत आखडून मारायला लागतो. पुढे कोर्सवर गेल्यावर ती सवय निस्तरत बसावं लागतं.

रुंदी १० फूट तरी हवी. घरात एक उजवा आणि एक डावा खेळाडू असेल आणि दोघांना मधोमधच उभं राहायचं असेल तर आणखी थोडी.

लांबीचा हिशोब मशीनच्या जातीवर आहे. बॉल ज्यावर मारायचा तो पडदा आणि भिंत यांत एक फूट मोकळं ठेवायचं, नाहीतर बॉल पडद्यामागच्या भिंतीवर आपटून जोरात तुमच्याकडे परत येतो. पडद्यापासून बॉलपर्यंत ८ ते १० फूट. रडारचं मशीन बॉलच्या मागे आणखी ६ ते ९ फुटांवर बसतं, म्हणजे १७-१८ फूट सलग जागा लागली. कॅमेऱ्याचं मशीन बॉलच्या शेजारी बसतं, त्यामुळे मागे फक्त क्लब फिरण्यापुरती जागा पुरते आणि १५ फुटांत भागतं. गाडी बाहेर काढल्याशिवाय १८ फूट मिळत नसतील तर थंडीत रोज गाडी बाहेर काढणार का, याचं उत्तर स्वतःला खरंखरं द्या.

२. रडार की कॅमेरा: कोण काय बघतं

रडारवाली मशीनं (गार्मिनचं अप्रोच आर१०, फ्लाइटस्कोपचं मेवो प्लस) मागून सूक्ष्मलहरी सोडतात आणि लांब जाणाऱ्या बॉलवरून परत येणाऱ्या लहरींतला फरक मोजतात. डॉप्लरचं तत्त्व, पोलिसांच्या स्पीडगनमधलंच. बॉलचा वेग त्यांना उत्तम कळतो. बाकीचं कळायला त्यांना बॉल उडताना दिसावा लागतो, आणि गॅरेजमध्ये तो उडतोच किती? आठ फूट.

स्पिनचं (बॉलच्या स्वतःभोवती फिरण्याचं) गाडं तिथेच अडतं, म्हणून एक हिशोब करून बघा. ड्रायव्हरने बॉल ताशी १४० मैलांनी सुटला तर आठ फूट ओलांडायला त्याला सुमारे ३९ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २,७०० फेरे असा स्पिन असेल तर तेवढ्या वेळात बॉल स्वतःभोवती पुरता दोनदासुद्धा फिरत नाही. पावणेदोन गिरक्या, आणि पुढे पडदा. सातच्या आयर्नने ११० मैलांनी सुटलेला, ६,५०० फेऱ्यांचा बॉल तेवढ्याच अंतरात पाच गिरक्या सहज घेतो. म्हणून घरात रडारवर आयर्नचे आकडे पटण्यासारखे असतात आणि ड्रायव्हरचा स्पिन मात्र एका शॉटला १,८०० तर पुढच्याला ३,९०० दाखवतो. काही मशीनं अशा वेळी स्पिन मोजायच्या भानगडीत न पडता वेग आणि कोनांवरून अंदाज बांधतात. यावर उपाय म्हणून बॉलवर धातूची टिकली चिकटवतात, किंवा टायटलिस्टचे आरसीटी बॉल वापरतात. त्यांच्या आत रडारला दिसेल अशी व्यवस्था केलेली असते. रॅप्सोडोच्या एमएलएम२प्रोमध्ये रडार आणि कॅमेरा दोन्ही आहेत. त्याला स्पिन मोजायला खास नक्षी छापलेले आरपीटी बॉल लागतात. साधा बॉल ठेवलात तर स्पिन अंदाजेच.

कॅमेरावाली मशीनं (स्कायट्रॅक, बुशनेल लाँच प्रो, युनीकॉर) बॉल सुटल्याच्या क्षणी एकापाठोपाठ फोटो काढतात आणि बॉलवरच्या खुणा किती फिरल्या त्यावरून स्पिन मोजतात. त्यांना बॉलचं उड्डाण लागत नाही, पहिले काही इंच पुरतात. घरासाठी मला हीच जात जास्त पटते. पण यांचे नखरे वेगळे: उजेड, चमकणारी फरशी, बॉलवरचा मळ, आणि डावरा खेळाडू आला की मशीन उचलून पलीकडे ठेवणं. छताला टांगायची मशीनं हा शेवटचा त्रास वाचवतात, पण त्यांना उंच छत आणि भरलेला खिसा लागतो.

किमतीबद्दल एवढंच: ही रांग काही शे डॉलरपासून सुरू होते आणि ट्रॅकमॅनपाशी वीस हजारांच्या वर जाते. मशीनच्या किमतीइतकीच वर्गणीही बघा. पुष्कळ मशीनं विकत घेतल्यावर फक्त रेंज दाखवतात. कोर्स खेळायला, दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जोडायला, कधीकधी क्लबचे आकडे दिसायलासुद्धा दरवर्षी पैसे भरावे लागतात. जुनं मशीन घेताय? मग आधीच्या मालकाने ते स्वतःच्या खात्यातून काढलंय का, हे पैसे देण्याआधी तुमच्या फोनवर जोडून बघा. नुसत्या शब्दावर जाऊ नका.

३. जमवायचं सामान आणि कागद

- स्टीलचा टेप, स्पिरिट लेव्हल, सुतळी, खडू, मास्किंग टेप
- एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे नवे बॉल, निदान डझनभर
- निदान सव्वा इंच जाडीची मॅट; सिमेंटवर पातळ मॅट टाकून खेळाल तर कोपर आणि मनगट दुखायला लागेल
- जाळी किंवा इम्पॅक्ट स्क्रीन (बॉल झेलणारा पडदा), आणि दोन्ही बाजूंना आडव्या जाळ्या
- ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज कॉम्प्युटर (फक्त फोन-आयपॅडवर खेळणार असाल तर नको)
- लांब चार्जिंग केबल, एक्स्टेन्शन बोर्ड
- मशीनचं बिल, सीरियल नंबरचा फोटो, वर्गणीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड एका ठिकाणी लिहून
- मशीनचं मूळ खोकं, परत करायची मुदत संपेपर्यंत

यात प्रोजेक्टर लिहिला नाही, तो मुद्दाम. पहिला महिनाभर जाळी आणि बाजूला एखादा जुना टीव्ही एवढ्यावर काढा. मशीन नीट वाचायला लागलं की मग पडदा आणि प्रोजेक्टर. दोन्ही एकदम आणलं की बिघाड नेमका कुठला, ते शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो.

बाजूच्या जाळ्यांवर मात्र काटकसर करू नका. शँक लागला की बॉल क्लबच्या मानेला लागून जवळजवळ काटकोनात सुटतो. तिथे तुमची गाडी, वॉटर हीटर किंवा दारात उभं राहून बघणारं पोर असू शकतं.

४. जाळी, मॅट आणि सूत

सगळ्या दिशा एका रेषेवर अवलंबून आहेत आणि ती रेषा डोळ्याच्या अंदाजाने आखली जात नाही. गवंड्याचा ३-४-५ चा गुण्या इथे कामाला येतो.

पडद्याचा मध्य शोधून खाली जमिनीवर खूण करा. त्या खुणेपासून पडद्याच्या कडेने ३ फुटांवर दुसरी खूण. आता मध्यावरून बॉलच्या दिशेने ४ फूट सुतळी ताणा आणि तिचं टोक डावी-उजवीकडे सरकवत राहा, ते टोक आणि ३ फुटांची खूण यांतलं अंतर बरोबर ५ फूट होईपर्यंत. झाला काटकोन. तीच सुतळी मागे मशीनच्या जागेपर्यंत लांबवा, खडू लावून सूत मारा, आणि त्यावर मास्किंग टेप चिकटवून टाका. बॉल या रेषेवर राहणार आणि मशीन याच रेषेच्या हिशोबाने बसणार.

गॅरेजची जमीन सपाट नसते हेही लक्षात असू द्या. पाणी बाहेर जावं म्हणून ती दाराकडे उतरती ओतलेली असते. फुटामागे इंचाचा आठवा भाग उतार असेल तर आठ फुटांत इंचभर फरक पडतो, कोनात धरलं तर अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. मशीन जमिनीवर ठेवून "सपाट तर दिसतंय" म्हणू नका, लेव्हल लावा.

५. मशीन जागेवर ठेवणं

रडार असेल तर: कंपनीने सांगितलेलं अंतर टेपने मोजा. आर१० साठी बॉलच्या मागे ६ ते ८ फूट आणि बॉलपुढे निदान ८ फूट मोकळं. मशीन आणि बॉल एका पातळीवर यायला हवेत. बॉल मॅटवर आणि मशीन उघड्या सिमेंटवर असेल तर मशीनखाली मॅटच्या जाडीची फळी सरकवा. मग लेव्हल. रडार वर-खाली कललं की तो कल थेट लाँच अँगलमध्ये (बॉल वर उठतो त्या कोनात) जातो. त्याच्यासमोर फिरणारं काहीही नको: पंखा, हीटरच्या झोताने हलणारी जाळी, मागून ये-जा करणारी माणसं. जुन्या फ्लुरोसंट ट्यूबलाइटही रडारला त्रास देतात, एलईडी बसवा.

आता दिशा. मंडळातल्या एका काकांचे सगळे शॉट डावीकडे जात होते. त्यांनी ग्रिप बदलली, प्रशिक्षकाकडे धडे घेतले, क्लबचे फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडे धरून मारायला लागले. मी त्यांच्या मशीनच्या पुढच्या कडेला सरळ पट्टी टेकवली आणि गुण्या धरून सुतळीशी ताडून पाहिलं. नऊ सेंटिमीटर रुंदीच्या त्या डबीची डावी कड उजवीपेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर पुढे होती. उभ्याने बघणाऱ्याला दिसणारच नाही. पण तेवढ्याने मशीनचा रोख तीन अंशांनी उजवीकडे गेला होता, आणि तीन अंश म्हणजे १५० यार्डांवर आठ यार्ड. रोख उजवीकडे, म्हणून सरळ मारलेला बॉल मशीनला डावीकडे गेलेला दिसायचा. डबी सरळ केली आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती टेपने खुणा केल्या. काकांना आता त्या महिन्यांत लावून घेतलेली उघड्या फेसची सवय मोडायची आहे, ते वेगळं.

खुणा तुम्हीही करा. रात्री मशीन चार्जिंगला नेलं की दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी परत यायला हवं.

कॅमेरा असेल तर: मशीनची पुढची बाजू रेषेला अगदी समांतर, अंतर पुस्तिकेत सांगितलेलं, आणि तळ बॉलच्या पातळीला. स्कायट्रॅकसारखी मशीनं बॉल कुठे ठेवायचा ते लाल ठिपक्याने दाखवतात. बॉल त्या ठिपक्यावरच ठेवा, "जवळपास" नको. काही मशीनंना बॉलवरची छाप स्वतःकडे केलेली लागते, कारण स्पिन त्या छापेवरूनच मोजायचा असतो. मशीन शँकच्या वाटेत असेल तर त्याच्या कडेला धातूचा संरक्षक बसवा.

उन्हाकडे खास लक्ष द्या. ही मशीनं इन्फ्रारेड उजेड वापरतात आणि उन्हात तो भरपूर असतो. खिडकीतून येणारा पट्टा दुपारी बॉलवर पडला की सकाळी नीट चाललेलं मशीन आंधळं होतं. हॅलोजन आणि जुन्या पिवळ्या बल्बचंही तेच. गॅरेजच्या जमिनीला चकचकीत इपॉक्सी केलं असेल तर बॉलभोवती काळी, मंद रबरी चटई टाका.

६. पहिले बॉल: फक्त मशीन आणि त्याचं स्वतःचं ॲप

कोर्स वगैरे इतक्यात नाही. आधी फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, पूर्ण चार्ज करा, कंपनीचं स्वतःचं ॲप उघडा. ॲपमध्ये उजवा की डावा खेळाडू, कुठला क्लब, घरात की बाहेर, पडद्याचं अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची हे सगळं भरायचं. उंचीचा रकाना लोक सोडून देतात. हवा विरळ तितका बॉल लांब, त्यामुळे तिथे उंचावरच्या डेन्व्हरचा आकडा राहिला असेल तर न्यू जर्सीतही तुम्ही टायगर वूड्स व्हाल.

वेजने अर्धे स्विंग मारा. सगळे शॉट नोंदले जाताहेत का एवढंच बघायचं. मग सातचं आयर्न, दहा बॉल, शक्यतो एकसारखे. आकडे या क्रमाने तपासा.

बॉलचा वेग सगळ्यात आधी. हा मोजलेला आकडा आहे. एकसारख्या शॉटना तो थोडाफारच बदलला पाहिजे. हाच उड्या मारत असेल तर पुढचं काही बघू नका, मशीनची जागा चुकली आहे.

त्यानंतर स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग. ड्रायव्हरला उत्तम फटक्याचा १.५० च्या आसपास, सातच्या आयर्नला १.३३ च्या आसपास. ड्रायव्हरला १.६० दिसला तर तुम्ही ग्रेट मारलेला नाही, मशीनने क्लबचा वेग कमी वाचलाय.

मग लाँच अँगल आणि दिशा, आणि शेवटी स्पिन. आयर्नच्या स्पिनचा ढोबळ आडाखा क्लबच्या नंबरला हजाराने गुणायचं असा आहे, सातला ७,०००. आपल्यासारख्यांचा थोडा कमी येतो, हरकत नाही. कॅरीचं अंतर (बॉल हवेत कापतो ते) वरच्या सगळ्यांवरून काढलेलं असतं, म्हणून ते सर्वांत शेवटी बघायचं. "माझं अंतर कमी दाखवतंय" म्हणून मला फोन करणाऱ्यांना मी आधी वेग विचारतो. वेग बरोबर आणि अंतर चूक असेल तर बोट स्पिनकडे किंवा कोनाकडे जातं. वेगच कमी असेल तर खरोखरच हळू मारलं असण्याची शक्यता असते, आणि गॅरेजमध्ये पाच अंश सेल्सिअस असेल तर थंड बॉलही कमी वेगाने सुटतो. बॉल रात्री घरात ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मशीन इंचभर सरकवलं, लाइट बदलला आणि बॉलही बदलला, तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळणार नाही.

हवामान उघडलं की एकदा मशीन उचलून मोकळ्या मैदानावर न्या आणि हेच बॉल मारून रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या दुर्बिणीने) पडलेली जागा मोजा. रेंजवरचे झिजलेले बॉल या कामाचे नाहीत, ते आधीच कमी जातात.

७. सॉफ्टवेअर जोडणं

पडद्यावर कोर्स खेळायच्या सॉफ्टवेअरांत घरी खेळणाऱ्यांकडून जीएसप्रो, ई६ कनेक्ट आणि ऑसम गोल्फ ही नावं जास्त ऐकू येतात. जीएसप्रोला विंडोज लागतं. बाकीच्यांचं फोन-टॅबलेटवरही भागतं. विकत घेण्याआधी "माझ्या मशीनला हे चालतं का, आणि चालायला मशीनच्या कंपनीला वेगळी वर्गणी भरावी लागते का" हे दोन प्रश्न दोन्हीकडे विचारा.

सुरू करायचा क्रम: मशीन, मग मशीनचं ॲप किंवा कनेक्टर (मशीन आणि खेळ यांना जोडणारा प्रोग्रॅम), आणि शेवटी खेळ. खेळ आधी उघडला की तो मशीनची वाट बघत बसतो आणि आपण त्याची.

मशीन सापडत नाही, ही या टप्प्यातली ठरलेली तक्रार. तपासायच्या जागा सांगतो. आयफोन-आयपॅडच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी आहे का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" दाबलेलं असतं आणि ॲप पुन्हा विचारत नाही. कॉम्प्युटर आणि मशीन एकाच वायफायवर आहेत का, की एक घरच्या आणि दुसरं गेस्टच्या नेटवर्कवर? गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना सहसा दिसत नाहीत. बऱ्याच मशीनंना २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो आणि हल्लीचे मेश राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली लपवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या. ब्लूटूथवालं मशीन एका वेळी एकाच फोनला बोलतं, त्यामुळे खिशातल्या फोनने ते आधीच पकडून ठेवलेलं असेल तर आयपॅड बोंबलत बसतो. विंडोजवर जीएसप्रोचा ओपन कनेक्ट (मशीनकडून शॉटचे आकडे घेणारा भाग) ९२१ नंबरच्या पोर्टवर ऐकतो. फायरवॉलने तो अडवला की दोन्हीकडे "जोडलंय" दिसूनही शॉट पोचत नाही. नेटवर्कचा प्रकार खासगी ठेवा आणि फायरवॉलमध्ये परवानगी द्या.

आणि कंपनीचा लॅपटॉप वापरू नका. आपल्यातले निम्मे लोक आयटीत, त्यामुळे मोह होतोच. त्यावरचं व्हीपीएन आणि सुरक्षेचे नियम हे सगळं अडवणारच, आणि वर सोमवारी त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांना गोल्फ समजावून सांगावं लागेल.

८. लक्षणावरून दोष

शॉट नोंदलाच जात नाही. कॅमेऱ्याला: बॉल ठिपक्यावर आहे का, ऊन, मळका बॉल, भिंगावर दव. थंड गॅरेजमधून मशीन घरात नेलं की त्यावर बाष्प धरतं. पिशवीत बंद करून हळूहळू गरम होऊ द्या. रडारला: पुढे ८ फूट मोकळे आहेत का, आणि तुम्ही स्वतः मशीन आणि बॉल यांच्या मध्ये तर उभे नाही ना. छोट्या चिप शॉटना बॉलचा वेगच इतका कमी असतो की रडार ते सोडून देतं. तो बिघाड नव्हे.

बॉल न मारताच शॉट नोंदला जातो. सरावाचा स्विंग रडारने शॉट धरला. रेषेपासून दूर जाऊन हवेत फिरवा. पंखा चालू असेल तर बंद करा.

सगळे शॉट एकाच बाजूला. काकांची गोष्ट. पुन्हा सुतळी. शॉट कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे जात असतील तर मशीनला निर्दोष सोडा.

लाँच अँगल कायम जास्त किंवा कायम कमी. कल किंवा उंची. लेव्हल आणि फळी.

स्पिन मनाला येईल तसा. रडार असेल तर टिकली किंवा खास बॉल, आणि जागा असेल तर पडदा बॉलपासून आणखी लांब. कॅमेरा असेल तर बॉल धुवा, छाप फिरवा, आणि चरे पडलेला बॉल बाद करा. तसाही तो पडदा फाडतो.

आकडे झकास, पण कोर्सवर गेल्यावर खेळ बोंबलला. हा मॅटचा प्रताप. बॉलच्या मागे जमिनीत मारलेला क्लब गवतात रुततो. मॅटवर घसरून बॉलला लागतो आणि मशीन १४५ यार्ड दाखवतं. आवाज ऐका: आधी धप्प आणि मग टक्क आलं तर तो शॉट मनातल्या मनात बाद धरा.

शॉट दोन-तीन सेकंदांनी दिसतो. वायफायऐवजी केबल जोडता येत असेल तर जोडा, टीव्हीचा गेम मोड चालू करा, कॉम्प्युटरवर ग्राफिक्स एक पायरी खाली आणा.

पटिंग (बॉल भोकाकडे हळू घरंगळत नेणं). रडारवर पटिंगची हौस सोडा. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पट मानून घेण्याची सोय असते, ती लावा आणि पटिंग गालिच्यावर वेगळं करा. कॅमेरावाली मशीनं पट वाचतात, पण मॅट सपाट नसेल तर बॉल आधीच घरंगळतो.

पुण्या-मुंबईत बसवणार असाल तर

इकडून मशीन नेऊन भावाकडे किंवा वडिलांकडे बसवायचं, असं बरेच जण विचारतात. यूएसबीने चार्ज होणाऱ्या मशीनला तिकडची वीज चालते; टीव्ही किंवा प्रोजेक्टर नेणार असाल तर मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच. फ्लॅटमध्ये उंचीचा प्रश्न येतो, वर पंखा असतो, आणि पडद्यावर आदळणाऱ्या बॉलची धडधड खालच्या-शेजारच्यांना रात्री नऊनंतर सहन होत नाही. रो-हाउसच्या गच्चीवरची पत्र्याची शेड ही बरी जागा, पण तिथे कडेने ऊन येतं आणि पावसाळ्यात ओल. तिन्ही बाजूंना जाड काळे पडदे लावा, आणि जूनपासून मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. आपलं गाव ॲपमध्ये भरा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, मुंबई समुद्राकाठी, त्यामुळे दोन्हीकडचं कॅरी सारखं येणार नाही.

एवढं करूनही गाडी अडली तर

मग कंपनीला लिहा. "चालत नाही" एवढंच लिहिलंत तर उत्तरात पुन्हा चालू-बंद करायला सांगतील. त्याऐवजी पहिल्याच ईमेलमध्ये सीरियल नंबर, फर्मवेअरचा आकडा, फोन किंवा कॉम्प्युटरचं मॉडेल, टेप शेजारी ठेवून काढलेले मशीनच्या जागेचे दोन फोटो (एक मागून, एक बाजूने), दहा शॉटच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट आणि एका शॉटचा सलग व्हिडिओ जोडा. व्हिडिओत बॉल आणि ॲपचा पडदा दोन्ही दिसू देत. हेच मशीन दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये लावून पाहिलं असेल आणि तिथेही तोच दोष असेल तर ते ठळकपणे लिहा; बदलून मिळायला त्याची सगळ्यात जास्त मदत होते. आणि परत करायची मुदत संपायच्या आठवडाभर आधी लिहा, शेवटच्या दिवशी नको.